शनिवारी सहापर्यंतची तिकिटं

सेर्राव्हेंतो, १४ मार्च

प्रिय एल्व्हिओ,

तुझी आई सांगते की रविवारी संध्याकाळी फोन केलास की तू आधी निकाल विचारत नाहीस, माणसं किती होती ते विचारतोस. म्हणून मीही तिथूनच सुरुवात करतो. गेल्या रविवारी चारशे एकतीस होते. पाहुण्यांचे सोळा धरून. सामना एक-एक बरोबरीत सुटला. आपला गोल कॉर्नरवरून झाला, त्यांचा आपल्या गोलकीपरच्या कृपेने. गुणतक्त्यात आपण शेवटून पाचवे आहोत, म्हणजे अजून चौथ्या श्रेणीत टिकायची आशा आहे. पूर्वेकडच्या पायऱ्यांना नवा रंग दिलाय, तो कपड्यांना लागतो. इओलेने बारमधलं कॉफीचं जुनं यंत्र काढून नवं आणलं, आणि सगळे म्हणतात की कॉफी बिघडली. ती म्हणते, "यंत्र चांगलंय, तुमच्या जिभा म्हाताऱ्या झाल्यात."

तू तुरीनला गेलास त्याला आता सव्वा वर्ष होईल. तिथे लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत तुझं बरं चाललंय असं आई सांगते, पण ते सांगताना ती माझ्याकडे बघत नाही, खिडकीबाहेर बघते. दुकान ती सकाळचंच उघडते. संध्याकाळी गिऱ्हाईक येत नाही असं म्हणते. खरं म्हणजे वरच्या फळीवरचे खिळ्यांचे डबे तिच्याने निघत नाहीत. मी दोन-तीनदा गेलो होतो मदतीला. तुझ्या वडिलांच्या हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्या अजून खणांवर चिकटलेल्या आहेत. क्विंतोचं अक्षर किती वाईट होतं! 'बिजागरी' हा शब्द मला पाच वेळा वाचावा लागला.

तू गेलास तेव्हा आगाऊ तिकिटांचा नियम नुकताच सुरू झाला होता, म्हणून त्याचं पुढे काय झालं हे तुला अर्धंमुर्धंच माहीत असेल. पोंतेनेरोच्या सामन्यात लाइनमनला लागलं, तो प्रकार झाला आणि तीन आठवड्यांनी जिल्ह्याचा हुकूम आला. सामन्याच्या दिवशी खिडकीवर तिकीट विकायचं नाही. शनिवारी संध्याकाळी सहापर्यंत जे काय विकायचं ते विकायचं, तेही नावानिशी. नाव, आडनाव, जन्मतारीख, जन्मगाव, ओळखपत्राचा नंबर. एका माणसाने फार तर चार घ्यायची. रविवारी फाटकावर ओळखपत्र आणि तिकिटावरचं नाव जुळलं तरच आत. पुढचा हुकूम येईपर्यंत असंच. इओलेने तो कागद बारमध्ये मोठ्याने वाचून दाखवला आणि म्हणाली, "आगाऊ तिकीट म्हणे! हा नियमच आगाऊ आहे." दोन दिवस गाव त्यावर हसलं. तिसऱ्या दिवशी रविवार होता.

तो रविवार मी विसरणार नाही. लोक नेहमीसारखेच आले, जेवून, डोक्यावर टोपी घालून, मुलांना खांद्यावर घेऊन. खिडकीचं शटर खाली होतं आणि त्यावर हुकूम चिकटवलेला होता, माझ्या अक्षरात, कारण क्लबमध्ये वाचता येईल असं अक्षर माझंच. म्हातारा चेलेस्तिनो मुठीत पैसे घेऊन शटरसमोर उभा राहिला. मला म्हणाला, "अडुसष्ट वर्षं येतोय मी इथे. आता माझी जन्मतारीख विचारता? मी काय देश सोडून पळून चाललोय?" मी म्हणालो, नियम आहे. तो म्हणाला, "कुणा एका गाढवाने दगड मारला म्हणून अख्ख्या गावाने दाखला द्यायचा!" दगड नव्हता, कुलूप होतं. त्या दिवशी आत एकशे बारा माणसं होती. आधी सहाशे-सातशे असायची. साठेक जण वरच्या रस्त्यावर, दफनभूमीच्या भिंतीला टेकून उभे राहिले. तिथून अर्धंच मैदान दिसतं. आपला गोल झाला तेव्हा आतून आवाजच उठला नाही, आणि वरच्या लोकांना काय झालं ते कळलंच नाही.

क्लबला त्या हंगामात दम लागला होता. अध्यक्ष बाल्दोनीने मला बोलावलं आणि म्हणाला, "ओत्तोरिनो, पस्तीस वर्षं तू नगरपालिकेत जन्म-मृत्यूच्या नोंदी केल्यास. अख्ख्या गावाच्या जन्मतारखा तुला पाठ. लोकांना त्या यंत्राची भीती वाटते, तुझी वाटत नाही. इओलेच्या बारमध्ये टेबल टाकून बस." मी नाही म्हणायला हवं होतं. मी त्याच संध्याकाळी बसलो.

मग गुरुवार, शुक्रवार, शनिवार हेच माझं आयुष्य झालं. बारच्या कोपऱ्यात टेबल, त्यावर क्लबचा छोटा संगणक, आणि माझी वही. लोक यायचे, नाव सांगायचे, आणि ते तारीख आठवत बसायच्या आत मी ती टाकलेली असायची. "तुझा जन्म मार्चचा नाही, फेब्रुवारीचा. तुझा बाप नोंद करायला उशिरा आला होता, बर्फ होता म्हणून," असं मी कुणाला सांगितलं की सगळा बार हसायचा. ज्यांना खाली येणं जमत नव्हतं त्यांच्यासाठी मी गुरुवारी सकाळी वरच्या वाड्यांवर जायला लागलो. स्वयंपाकघरात बसायचो, चष्मा लावून ओळखपत्रांचे नंबर उतरवून घ्यायचो, आणि शुक्रवारी तिकिटं पोहोचवायचो. लोक वाइन द्यायचे, चीज द्यायचे. चेलेस्तिनोसुद्धा वठणीवर आला. "घाल बाबा माझी तारीख, पण वय कुणाला सांगू नकोस," म्हणाला. एकशे बाराचे एकशे ऐंशी झाले, मग अडीचशे. वरच्या रस्त्यावरची भिंत रिकामी झाली. रस्त्यात लोक मला थांबवून हात हातात घ्यायला लागले. एल्व्हिओ, ते काम मी जितकं जास्त करायचो तितकं मला बरं वाटायचं, आणि बरं वाटतंय हे लक्षात आलं की मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मग आणखी एका वाडीवर जायचो.

तुझ्या आईची एक गोष्ट तुला तिने सांगितली नसेल. तू गेलास त्यानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात, एका शुक्रवारी संध्याकाळी ती कोट घालून बारमध्ये आली. तिच्यामागे सात-आठ माणसं रांगेत होती. म्हणाली, "दोन दे. एक माझं, एक एल्व्हिओचं." मी हळू आवाजात म्हणालो, "जेल्सोमिना, तो तुरीनला आहे. आणि त्याला तर..." ती म्हणाली, "माहितीय मला. खुर्ची रिकामी राहू दे की. आकडा तर एकाने वाढेल." मी तुझं नाव टाकलं. नऊ एप्रिल ही तारीख टाकायला मला वही लागत नाही. तुझ्या जन्माची नोंद मीच केली होती, क्विंतो दोन बाटल्या घेऊन कचेरीत आला होता आणि शाई वाळायच्या आत आम्ही एक उघडली होती. पडद्यावर लाल ओळ आली: या व्यक्तीस तिकीट देता येणार नाही. तिने चष्मा आणला नव्हता. "काय म्हणतंय?" असं विचारलं. मी म्हणालो, यंत्र बिघडलंय. मागच्या माणसाने ती ओळ वाचली होती. तो खाली बघायला लागला. तुझी आईही खुळी नाही. तिने एकच तिकीट घेतलं, नीट घडी करून पाकिटात ठेवलं आणि मला म्हणाली, "आमच्यापायी तुला किती त्रास, ओत्तोरिनो." दुसऱ्या दिवशी तिने माझ्यासाठी मांस भरून तळलेले ऑलिव्ह आणले, झाकण लावलेल्या डब्यात, अजून गरम. मी ते खाल्ले. त्या रविवारपासून सामन्याआधी मी तुमच्याकडे जेवायला जायला लागलो. तिला एकटीला जेवण जात नाही असं ती म्हणाली. मी तुझ्या खुर्चीवर बसत होतो. दुसरी खुर्ची क्विंतोची, त्यावर ती कुणाला बसू देत नाही.

रविवारचं सांगतो. सामना सुरू व्हायच्या आधी बाल्दोनीने मला मैदानाच्या मध्यभागी बोलावलं. मला कल्पना नव्हती, नाहीतर मी आजारी पडलो असतो. पितळेची पाटी केली होती. माइकवर तो म्हणाला, "ज्याने या गावाला परत मैदानात आणलं, तो हा माणूस." चारशे एकतीस माणसं उभी राहिली. आणि पाटी माझ्या हातात द्यायला त्यांनी तुझ्या आईला बोलावलं, क्विंतो पास्क्वालिनीची बायको म्हणून, क्लबच्या एका जुन्या प्रेक्षकाची विधवा म्हणून. तिने नवे बूट घातले होते आणि ते गवतात रुतत होते. तिने पाटी दिली आणि माझ्या दोन्ही गालांचं चुंबन घेतलं. बाल्दोनीने माइक माझ्यापुढे धरला. एल्व्हिओ, तेव्हा बोलायला हवं होतं. सगळं गाव समोर होतं, माइक चालू होता, तुझी आई माझा दंड धरून उभी होती. मी म्हणालो, "आभारी आहे." पुढे म्हणालो, "शनिवारी सहापर्यंत तिकिटं घ्या, विसरू नका." सगळे हसले. मीही हसलो.

ते कुलूप मी फेकलं होतं.

हे वाक्य लिहून मी उठलो, अंगणात दोन फेऱ्या मारल्या, आणि परत येऊन बसलो. ते अजून कागदावर आहे, म्हणजे आता पुढचं लिहिलं पाहिजे. त्या दिवशी मी नेहमीच्या जागी होतो, कुंपणापासून दुसऱ्या पायरीवर, जिथे चाळीस वर्षं तुझे वडील माझ्या डाव्या हाताला उभे राहायचे. क्विंतो जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते. तुम्ही ढोलवाले माझ्या मागे होतात. अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला आपला गोल झाला आणि लाइनमनने झेंडा वर केला. ऑफसाइड. सगळी बाजू कुंपणाकडे धावली. तू माझ्या शेजारून उडी मारून जाळीवर चढलास, हात वर करून ओरडत होतास. तो लाइनमन वळला आणि मला वाटलं तो हसला. बावीस वर्षांचा मुलगा तो, दंतवैद्यकी शिकणारा, हे मला नंतर पेपरात कळलं. बहुतेक तो हसला नव्हताच. ऊन त्याच्या डोळ्यांवर होतं, तो डोळे बारीक करत असणार. माझ्या कोटाच्या खिशात माझ्या अंगणातल्या शेडचं कुलूप होतं. सकाळी काढून खिशात टाकलं होतं, परत लावायचं राहिलं होतं. ते हातात कधी आलं मला आठवत नाही, पण हातातून सुटलं ते आठवतं. त्याला वजन होतं. ते हातातून गेल्यावर हात हलका झाला, आणि क्षणभर, फक्त क्षणभर, मला आनंद झाला. मग तो मुलगा गुडघ्यावर बसला आणि त्याच्या बोटांमधून रक्त यायला लागलं. भुवई फाटली. सहा टाके पडले. डोळा बोटभराने वाचला.

मी कारण शोधत बसलो नाही असं नाही. दीड वर्ष शोधतोय. मी नुकताच निवृत्त झालो होतो, क्विंतो गेला होता, सात आठवडे आपण जिंकलो नव्हतो. यातलं एकही कारण कुणाच्या डोळ्यावर कुलूप फेकण्याचं नाही. माझ्या आयुष्यात मी पंचाला साधी शिवी दिली नव्हती. म्हणूनच माझ्याकडे कुणी पाहिलं नाही. सगळे मागे पाहत होते, तुमच्याकडे.

आणि आता जे सांगतो ते कुलूप फेकण्यापेक्षा वाईट आहे. फेकणं अर्ध्या श्वासात झालं, हे मी शुद्धीवर असताना, खुर्चीवर बसून केलं. दुसऱ्या दिवशी पोलीस साक्षी घेत होते. ठाणेदाराने मला आधी कॉफी दिली. "काका, तुम्ही पुढे होतात, काही दिसलं?" मी म्हणालो, "मी मैदानाकडे बघत होतो. माझ्या मागे ढोलवाली मुलं होती." त्याने विचारलं, "पास्क्वालिनी होता त्यांच्यात?" मी म्हणालो, "होता." बस्स, एवढंच. एकही शब्द खोटा नव्हता. पस्तीस वर्षं दाखले लिहिले की खरे शब्द कसे मांडायचे ते माणसाला कळतं. ते कुलूप तुमच्या दुकानात मिळतं त्याच प्रकारचं निघालं. तुमच्या दुकानातूनच घेतलेलं ते, तुझ्या वडिलांनीच विकलेलं. कॅमेऱ्यात तुझा वर गेलेला हात दिसत होता. दोन वर्षांपूर्वीची पार्किंगमधली ती मारामारी तुझ्या नावावर होतीच. तीन वर्षं कुठल्याही मैदानात पाऊल टाकायचं नाही, आणि आपला सामना चालू असताना दोनदा ठाण्यात जाऊन सही करायची. हुकूम निघाला तेव्हा मी स्वतःला म्हणालो, अपिलात सुटेल. सुटला नाहीस. मग म्हणालो, या प्रकरणापायी शाळांच्या कुलपांचं कंत्राट गेलं तरी दुकान चालेल. तूच दुकान सोडून गेलास. मग मी काही म्हणायचंच बंद केलं आणि तिकिटं विकत बसलो.

तुझ्याविषयी गावात जे बोललं जायचं ते माझ्या टेबलासमोर बोललं जायचं. "क्विंतोच्या पोराने आपल्याला हे दिवस दाखवले," असं कुणीतरी म्हणायचं, ओळखपत्र पुढे सरकवता सरकवता. एकदाच मी म्हणालो, "त्याने केलं हे सिद्ध कुठे झालंय?" तो म्हणाला, "तुमचं मन मोठं आहे, काका." मी त्याचा नंबर टाकला आणि तिकीट दिलं.

मंगळवारी मी तुझ्या आईकडे गेलो. जेवणाची वेळ टाळून गेलो. ती दुकानात होती, स्क्रू निवडत बसली होती. मी उभ्याउभ्याच सांगितलं. तिने हातातले स्क्रू एकेक करून डबीत टाकले, अगदी शेवटच्यापर्यंत. मग म्हणाली, "आणि माझ्या घरी जेवत होतास." मी मान खाली घातली. ती म्हणाली, "त्याच्या खुर्चीवर बसून." त्यानंतर तिने मला जा म्हटलं नाही, थांबही म्हटलं नाही. मी विचारलं, तू फोनवर सांगशील का त्याला? तेव्हा तिचा आवाज चढला. "मी? तुझं तोंड माझ्याकडून का वापरतोस? माझ्याकडून त्याला एक अक्षर कळणार नाही. लिहिता येतं ना तुला? एवढं सुंदर अक्षर आहे म्हणतात. लिही मग." मी दारापर्यंत आलो तर मागून म्हणाली, "पाटी घरात लावलीस?" मी म्हणालो, नाही. ती म्हणाली, "लाव. रोज बघ."

काल सकाळी ठाण्यात गेलो. ठाणेदार तोच आहे. त्याने पुन्हा कॉफी मागवली. मी सगळं सांगितलं तर तो माझा हात थोपटून म्हणाला, "काका, क्विंतो तुमचा जिवलग होता, मला माहितीय. पण दुसऱ्याचं असं अंगावर घेता येत नसतं. घरी जा, विश्रांती घ्या." मी पुन्हा सांगितलं. त्याला वाटलं मला भ्रम झालाय. माझ्या पुतणीला फोन करायला निघाला होता. मी आयुष्यभर जी अब्रू जपली ती आता माझाच शब्द खरा मानू देत नव्हती. शेवटी मी खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली. त्या कुलपाबरोबर दोन किल्ल्या आल्या होत्या, मी एकही टाकली नव्हती. त्याने कॉफी बाजूला सरकवली. मग गाडीतून मला जिल्ह्याच्या कचेरीत नेलं. तिथे पुराव्याच्या पाकिटातून कुलूप काढलं, थोडं गंजलंय. किल्ली त्याने स्वतः लावली, मला हात लावू दिला नाही. उघडलं. परत आल्यावर मला उतरवताना त्याने 'काका' न म्हणता आडनावाने हाक मारली: "बेल्लागाम्बा, गाव सोडून जाऊ नका." जबाब सात पानांचा झालाय. प्रत्येक पानावर सही केली. वकील म्हणतो, वयामुळे तुरुंग बहुधा होणार नाही, पण खटला होईल. त्या लाइनमनलाही मी लिहिलंय. त्याने पंचगिरी सोडली आहे.

तुझ्यावरची बंदी उठायला काही आठवडे लागतील असं तिथे सांगितलं. कागद वरपर्यंत जाऊन खाली यावा लागतो. तोवर सही करायला जात राहा, एकही चुकवू नकोस, नाहीतर त्याचं वेगळं प्रकरण होईल. बाल्दोनीला मी काल रात्रीच चिठ्ठी दिली. इओलेचं टेबल आजपासून शाळेतली ग्रंथपाल बाई सांभाळेल, मी तिला वही दिली आहे. या रविवारी किती माणसं येतील कोण जाणे. कदाचित माझ्यामुळे जी आली ती माझ्यामुळेच येणार नाहीत. आगाऊ तिकिटांचा नियम मात्र राहणार, तो काही माझ्या जबाबाने उठत नाही.

आता हे पत्र मी आत्ताच का लिहिलं, दीड वर्ष का नाही लिहिलं, ते सांगून थांबतो. मला स्वतःहून उपरती झाली असं समजू नकोस. तेवढं पुण्य माझ्या खाती मांडू नकोस. रविवारी पाटी दिल्यावर, मैदानातून बाहेर येताना तुझ्या आईने पर्समधून तू माझ्यासाठी पाठवलेलं पाकीट काढून माझ्या हातात दिलं. बंदी कमी व्हावी म्हणून तू अर्ज केलास, आणि त्याला गावातल्या एका प्रतिष्ठित माणसाचा चारित्र्याचा दाखला जोडावा लागतो. तू लिहिलं होतंस, "ओत्तोरिनोकाका, तुम्ही मला जन्मल्यापासून ओळखता. तुम्हाला वाटत असेल की मी तसा माणूस नाही, तर दोन ओळी लिहा. वाटत नसेल तर नका लिहू, मी रागावणार नाही." ती शेवटची ओळ मी रविवार ते मंगळवार वाचत होतो. मला सहज लिहिता आल्या असत्या त्या दोन ओळी, एल्व्हिओ. सुंदर अक्षरात, तारखेसह, आणि एकही शब्द खोटा नसता. पेन हातात घेतलंही होतं. त्या पाकिटातला दाखल्याचा कोरा फॉर्म मी या पत्रासोबत परत पाठवतोय. तुला आता कुणाच्याही दाखल्याची गरज नाही, आणि माझ्या दाखल्याची किंमत तुला आता कळलीच आहे. क्षमा मागत नाही. मागितली तर तुला उत्तर द्यावं लागेल, आणि तेवढाही भार मला तुझ्यावर टाकायचा नाही.

तुझा गुन्हेगार,
ओत्तोरिनो बेल्लागाम्बा